मूक सहकार्याबद्दल

बर्लिनमधली विद्यापीठं आणि संशोधन संस्था मिळून उत्प्रेरणावर (कॅटॅलिसिस), म्हणजे स्वतः खर्च न होता रासायनिक क्रिया वेगानं घडवून आणणाऱ्या पदार्थांवर, काम करणारा एक मोठा गट चालवतात. पूर्वी त्याचं नाव युनिकॅट होतं, पुढे युनिसिसकॅट झालं. गेल्या दशकाच्या सुरुवातीला या गटानं तरुण स्त्री संशोधकांसाठी एक पारितोषिक सुरू केलं. रक्कम १५,००० युरो. पण ते पाकीट घेऊन घरी जायचं नसतं. त्या पैशात बर्लिनला येऊन राहायचं, तिथल्या प्रयोगशाळेत उभं राहून आपलं काम पुढे न्यायचं, आजवर ज्यांची नावं फक्त पेपरवर वाचली त्यांच्याशी समोरासमोर वाद घालायचा. पारितोषिकाला नाव दिलंय क्लारा इमरवारचं.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे नाव वाचून जरा अडखळायला होतं. क्लारा म्हणजे फ्रिट्झ हेबरची बायको. आणि या गटात सामील असलेल्या संस्थांपैकी एक आहे माक्स प्लांक सोसायटीची फ्रिट्झ हेबर इन्स्टिट्यूट. म्हणजे नवऱ्याच्या नावाची संस्था आणि बायकोच्या नावाचं पारितोषिक, दोन्ही एकाच छपराखाली नांदतात. कुणाला यात प्रायश्चित्त दिसेल, कुणाला दुटप्पीपणा. मला मात्र सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका घरातला जमाखर्च मांडून बघावासा वाटला.

हेबर आपल्याला परका नाही. बारावीला ‘हेबरची पद्धत’ पाठ करून सगळेच पुढे गेलेत. अलिबागजवळच्या थळला आरसीएफच्या खत कारखान्यात आजही तीच पद्धत चालते. हवेतला नायट्रोजन आणि नैसर्गिक वायूपासून काढलेला हायड्रोजन प्रचंड दाबाखाली, चारशे-पाचशे अंश सेल्सिअसला, लोखंडाच्या उत्प्रेरकावरून नेतात. अमोनिया तयार होतो, अमोनियाचा युरिया होतो, आणि तो ४५ किलोच्या गोणीत भरून शेताच्या बांधावर येऊन पडतो. पाऊस लांबला की युरियासाठी दुकानापुढे रांग लागते. त्या रांगेतल्या कुणाला हेबर ठाऊक असायचं कारण नाही, पण ती रांग त्याचीच आहे. १९०९ साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहला त्यानं हा अमोनिया थेंबाथेंबानं काढून दाखवला. कार्ल बॉशनं तो कारखान्याच्या मापात बसवला. १९१८ चं नोबेल हेबरला त्यासाठीच मिळालं. त्याच हेबरनं १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर क्लोरीन वायू सोडण्याची तयारी जातीनं करून घेतली, हेही त्याच्याच खात्यावर जमा आहे. त्याच्याबद्दल भरपूर लिहून झालंय, इथे तो जेवढ्यास तेवढा.

क्लाराचा जन्म १८७० चा, ब्रेस्लाऊजवळचा. आज ते शहर पोलंडमध्ये आहे. वडील स्वतः रसायनशास्त्र शिकलेले आणि शेतीवाडी सांभाळणारे, घर ज्यू आणि सुशिक्षित. पण प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीतल्या त्या राज्यात, मुलींना विद्यापीठात रीतसर नाव नोंदवायला १९०८ उजाडावं लागलं. क्लारा त्याआधीची. तिनं शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, शिकवण्या केल्या, मग प्रवेशपरीक्षा वेगळी दिली आणि विद्यापीठात ‘पाहुणी’ म्हणून बसायची परवानगी काढली. एकेका प्राध्यापकाची हो हवी, वरून सरकारी मंजुरी हवी. आपल्याकडे एखादा दाखला काढायला चार टेबलं फिरावी लागतात, तसाच प्रकार. फक्त इथे दाखला वर्गात बसण्याचा होता. २२ डिसेंबर १९०० ला तिला डॉक्टरेट मिळाली. ब्रेस्लाऊ विद्यापीठातली ती पहिली स्त्री डॉक्टर. तेव्हा ती तीस वर्षांची होती.

तिच्याबद्दलच्या लेखांतून तो प्रबंध बहुधा एका ओळीत उरकतात, म्हणून मी इथे थोडी रेंगाळणार आहे. विषय होता पारा, तांबं, शिसं, कॅडमियम आणि जस्त यांच्या जेमतेम विरघळणाऱ्या क्षारांची विद्राव्यता. जो क्षार पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तो किती विरघळला हे मोजायचं. तराजू इथे कामाचा नाही. बाष्पीभवन करून उरलेलं वजन करायला गेलात तर काचेवरची धूळ त्याहून जड भरेल. मग वाट आहे विजेची. क्षाराचा साका तळाशी बसलेला, त्यावरच्या नितळ द्रावात त्याच धातूची पट्टी बुडवायची, दुसऱ्या एका ठरलेल्या इलेक्ट्रोडशी जोडायची आणि दोघांतला विभव मोजायचा. त्या आकड्यावरून द्रावात आयन किती हे गणितानं निघतं. हे गणित ज्यावर चालतं ते नेर्न्स्टचं समीकरण तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांचं होतं. म्हणजे क्लारा काही जुन्या वाटेनं चालत नव्हती, तिच्या काळातल्या अगदी ताज्या रसायनशास्त्रात तिचा हात होता. तिचा मार्गदर्शक रिचर्ड आबेग, त्याच विषयातला तरुण आणि हुशार माणूस.

टीवायच्या मुलांकडून आम्ही याच जातीचा एक प्रयोग करून घेतो, सिल्व्हर क्लोराइडवर. दिसायला सोपा. प्रत्यक्षात दोन द्रावांना जोडणाऱ्या सॉल्ट ब्रिजमध्ये अगरचा एखादा बुडबुडा राहिला की आकडा स्थिर होतच नाही. धातूची पट्टी पॉलिश पेपरनं घासली नाही तर सकाळचं रीडिंग आणि दुपारचं रीडिंग एकमेकांना ओळख देत नाहीत. पाणी नीट शुद्ध केलेलं नसेल तर त्यातलं क्लोराइडच आपल्याला फसवतं. निम्मा वर्ग शेजारच्या जर्नलमधून आकडा उतरवतो, हे मला कळतं आणि मला कळतं हे त्यांनाही कळतं. हा प्रयोग पाच धातूंच्या क्षारांवर, १९०० सालच्या काचसामानानं, एकटीनं, पुन्हा पुन्हा करून आकडे जुळवायचे म्हणजे काय, हे ज्यांनी तो एकदा तरी प्रामाणिकपणे केलाय त्यांनाच उमजेल. हे काम करायला जे हात लागतात ते रोज सराव असेल तरच राहतात. वर्षभर पिपेट हातात धरली नाही तर बोट पहिल्यासारखं चालत नाही.

१९०१ च्या ऑगस्टमध्ये तिनं हेबरशी लग्न केलं आणि ती कार्ल्सरूहला गेली. पुढच्या जूनमध्ये मुलगा झाला, हेर्मान, नाजूक तब्येतीचा. हेबर घरी न सांगता पाहुण्यांना जेवायला आणणारा, कामाच्या नादात घराचा पत्ता विसरणारा, आणि स्वतःच्या तब्येतीचं कौतुक करून घेणारा. सुरुवातीला ती त्याच्या प्रयोगशाळेत जात असे. मग जाणं विरळ झालं. बायकांसाठी ती घरातल्या विज्ञानावर व्याख्यानं द्यायची, आणि ती चांगली व्हायची. तुम्ही पारा आणि कॅडमियमवर डॉक्टरेट करा, जग तुम्हाला स्वयंपाकघरावर बोलायला बोलावतं. आमच्या एका निवृत्त बाई महिला मंडळात ‘भेसळ कशी ओळखावी’ एवढ्या एकाच विषयावर उभा जन्म बोलल्या. आयोडिनचा थेंब टाकला की पिठाची भेसळ असलेलं पनीर निळं. त्यांचा खरा विषय कोऑर्डिनेशन केमिस्ट्री होता. तो त्यांना कुणी विचारला नाही.

१९०५ मध्ये हेबरचं वायूंच्या अभिक्रियांच्या ऊष्मागतिकीवरचं (थर्मोडायनॅमिक्स) पुस्तक आलं. मोलाचं पुस्तक. अर्पणपत्रिकेत त्यानं लिहिलं की प्रिय पत्नी क्लारा हेबर, डॉक्टर, हिला, मूक सहकार्याबद्दल आभार म्हणून. ‘डॉक्टर’ ही पदवी तो लावायला विसरला नाही, हे मला फार बोचतं. पदवी आहे, सहकार्य आहे, आणि नाव मुखपृष्ठावर नाही.

आमच्या विभागाच्या ग्रंथालयात जुने प्रबंध एका कपाटात आहेत, काळ्या रेक्झिनच्या बांधणीचे, पाठीवर सोनेरी अक्षरं. काही शोधायला गेले की मी आधी ऋणनिर्देशाचं पान उघडते, ही माझी खोडच आहे. मार्गदर्शक, विभागप्रमुख, प्रयोगशाळा परिचर, टंकलेखक, आणि शेवटच्या परिच्छेदात सौभाग्यवती. तिनं ‘वेळोवेळी केलेल्या सहकार्याबद्दल’ किंवा ‘सोसलेल्या गैरसोयीबद्दल’. एका प्रबंधात सौभाग्यवतींनी सगळे आलेख काढून दिल्याची नोंद आहे. आलेख सुरेख आहेत, शाईचा एक डाग नाही, अक्षांवरचे आकडे छापल्यासारखे. त्या बाई एम.एस्सी. होत्या असं मला पुढे कळलं. बायकांनी लिहिलेल्या प्रबंधांत नवऱ्याचे आभार असतात, पण मजकूर वेगळा असतो. तिथे ‘परवानगी’ आणि ‘प्रोत्साहन’ हे शब्द येतात.

१९०९ मध्ये, हेबरचा अमोनिया यशस्वी होत होता त्याच वर्षी, क्लारानं आबेगला पत्र लिहिलं. त्यात ती म्हणते की या आठ वर्षांत फ्रिट्झनं जे कमावलं ते आणि त्याहून जास्त मी गमावलं, आणि माझ्यातलं जे उरलंय त्यानं मला कमालीचं असमाधान वाटतं. वाक्य रडकं नाही. वजाबाकी करून बाकी खाली लिहावी तसं आहे. पुढच्याच वर्षी आबेग बलून उडवताना अपघातात गेला. तिला शास्त्रज्ञ म्हणून ओळखणारा आणि तसं पत्र लिहिता येईल असा माणूसच राहिला नाही.

नंतरचं सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यातच गोम आहे. १९११ ला कुटुंब बर्लिनच्या डालेममध्ये आलं, हेबर नव्या संस्थेचा संचालक. २२ एप्रिल १९१५ ला ईप्रला क्लोरीन सोडला गेला. २ मेच्या पहाटे क्लारानं घराच्या बागेत हेबरच्याच पिस्तुलानं स्वतःला संपवलं. हेर्मान तेव्हा बारा वर्षांचा होता. हेबर लगोलग पूर्वेच्या आघाडीवर रवाना झाला. तिनं हे विषारी वायूच्या निषेधार्थ केलं, की लग्नानं आणि एकटेपणानं केलं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. तिच्या हातची शेवटची चिठ्ठी उपलब्ध नाही. पण नाटकांना आणि स्मारकांना निषेधच सोयीचा पडतो. तो खराही असेल. तरी क्लाराला फक्त त्या पहाटेसाठी लक्षात ठेवणं म्हणजे तिला पुन्हा एकदा हेबरच्या गोष्टीतलं एक पान करून टाकणं. म्हणून तिच्या नावाचं पारितोषिक शांततेसाठी नाही, शौर्यासाठी नाही, तर चक्क तरुण रसायनशास्त्रज्ञ बायकांना प्रयोगशाळेत वेळ मिळावा म्हणून आहे, हे मला त्या गटाचं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. क्लाराला नेमकं तेच मिळालं नव्हतं. विद्यापीठात शिरायला तिनं स्वतः वाट काढली होती. वाट संपली ती डॉक्टरेटनंतर.

महिला दिनाच्या कार्यक्रमात एखादे पाहुणे हमखास सांगतात की स्त्री ही कुटुंबाची उत्प्रेरक असते. स्वतः न बदलता दुसऱ्यांत बदल घडवते. टाळ्या पडतात. समोर रसायनशास्त्राचा अख्खा विभाग बसलेला असतो, तोही वाजवतो. अहो, उत्प्रेरक खर्च होत नाही ही व्याख्या पहिल्या पानावरची. पुढच्या पानावर लिहिलंय की त्याला विषबाधा होते. अमोनियाच्या संयंत्रातल्या लोखंडाला गंधकाचा अंश लागला, कार्बन मोनॉक्साइड लागला, तरी त्याच्या पृष्ठभागावरच्या कामाच्या जागा अडतात आणि तो नुसता लोखंडाचा ढीग होऊन बसतो. काही वर्षांनी तो काढून नवा भरावाच लागतो.

आपल्याकडची गोष्ट निराळी आहे असं म्हणायला जागा थोडी. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार वयाच्या पंचेचाळिशीच्या आतल्या शास्त्रज्ञांसाठी. रसायनशास्त्रातला तो १९६१ मध्ये असीमा चटर्जींना मिळाला. विज्ञानाच्या कुठल्याही शाखेत तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. रसायनशास्त्रात पुढची स्त्री आली २००९ मध्ये, आयआयटी दिल्लीच्या चारुसीता चक्रवर्ती. मधे ४८ वर्षं गेली. या अठ्ठेचाळीस वर्षांत एम.एस्सी. केमिस्ट्रीचे वर्ग मुलींनी भरलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत, पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत. मुली होत्या, गुण होते, गाइड होते. वयाची अट मात्र त्याच वर्षांवर येऊन बसते, जिथे बाळंतपण, बदलीच्या गावी गेलेला नवरा, आणि अंथरुणाला खिळलेले सासरे बसलेले असतात. २०१३ मध्ये सुरू झालेला स्त्री शास्त्रज्ञांचा एक सरकारी पुरस्कार तर चाळिशीच्या आतल्यांसाठी होता, आणि तोही आधी कुठल्या तरी अकादमीचा तरुण शास्त्रज्ञाचा सन्मान मिळालेल्यांनाच. वर्षाला पाच लाख, तीन वर्षं, संशोधनासाठी. रक्कम चांगली, हेतू चांगला. पण ज्या धावत होत्या त्यांनाच हा वारा मिळे. थांबलेल्यांसाठी केंद्राच्या विज्ञान विभागानं २००२ मध्ये वेगळी योजना काढली, ज्यांच्या कामात खंड पडला त्या बायकांसाठी, आणि पुढे तिच्यातली वयाची मर्यादा पन्नाशीच्याही पलीकडे नेली. तिचं कौतुक व्यासपीठांवरून फारसं कुणी करत नाही, कारण तिच्यात पदक नाही. माझ्या मते ती त्या सगळ्या पदकांहून मोलाची.

उलटं उदाहरणही आपल्याच घरातलं आहे. कमला सोहोनी, म्हणजे दुर्गा भागवतांची धाकटी बहीण. मुंबईहून रसायनशास्त्र घेऊन पहिल्या आलेल्या या मुलीला १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाकारलं, ती तिथेच ठाण मांडून बसली, आणि अटींवर का होईना आत गेली. ही गोष्ट आपण आवडीनं सांगतो. त्यापुढचा भाग कमी सांगितला जातो. तिला परदेशासाठी शिष्यवृत्ती मिळाली, केंब्रिजमध्ये ती बटाट्यावर काम करायला लागली, वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम सी हे प्रथिन तिनं दाखवून दिलं, आणि १९३९ मध्ये अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर पीएच.डी. घेतली. लग्न १९४७ चं. त्यानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवत, नीरा, डाळी, धान्याचं पीठ यांच्या पोषणावर काम करत राहिल्या. रामन यांना हरवलं म्हणून त्या कमला सोहोनी झाल्या, असं मला वाटत नाही. पंचविशीत योग्य वेळी हातात पैसे आले, प्रयोगशाळेतला ओटा मिळाला, आणि लग्नानंतरही तो काढून घेतला गेला नाही, म्हणून झाल्या. जिद्द क्लाराकडेही होती.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीनं या बर्लिनच्या पारितोषिकासाठी अर्ज करायचं ठरवलं. पुण्याला पीएच.डी. केलेली, काम तांब्याच्या उत्प्रेरकावर, कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल. लग्न झालेलं, मुलगा दीड वर्षाचा. संशोधनाचा आराखडा तिनं एका बैठकीत लिहिला, त्यात मला एक स्वल्पविराम हलवावा लागला नाही. अडली ती बर्लिनमधल्या मुक्कामाच्या नियोजनावर. ‘मॅडम, मुलाला कुठे ठेवू, हे या रकान्यात लिहायचं की नाही?’ असं तिनं फोनवर विचारलं. मी म्हटलं, लिही, स्पष्ट लिही. ती म्हणाली की लिहिलं तर ते म्हणतील हिचं लक्ष कामात नसणार. मी म्हटलं, ज्या बाईच्या नावानं ते पैसे वाटतायत तिचंही मूल लहानच होतं. यावर ती हसली नाही. नवऱ्याची नोकरी आयटीतली, घरून चालणारी, पण त्याच्या कंपनीला तीन महिने परदेशातून काम चालणार नव्हतं. आईचे गुडघे. उरल्या सासूबाई, साताऱ्याकडच्या, सातवी शिकलेल्या, विमानात कधी न बसलेल्या. त्यांना विचारायची हिंमत सुनेला होईना, म्हणून मुलानं विचारलं. त्या म्हणाल्या, थंडी किती असते ते सांगा, बाकी मी बघते.

शिफारसपत्र मी लिहिलं. सवयीनं पहिल्या मसुद्यात ‘मेहनती, नम्र, सर्वांना सहकार्य करणारी’ असं लिहून गेले, मग ‘सहकार्य’वर पेन अडलं आणि ती ओळ काढून तिच्या उत्प्रेरकाचे आकडे घातले. अर्ज वेळेत गेला. पारितोषिक दुसऱ्या कुणाला मिळालं. पण अर्जासाठी केलेल्या पत्रव्यवहारातून तिथल्या एका गटानं दोन महिन्यांसाठी तिला वेगळ्या निधीतून बोलावलं, आणि मग खरी धावपळ सुरू झाली. सासूबाईंच्या आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, जन्मतारीख तर दोन्हीकडे वेगळी. पोलीस पडताळणीला आलेला शिपाई तीनदा विचारून गेला की आजी, या वयात जर्मनीला कशाला? त्यांनी त्याला प्रत्येक वेळी चहा दिला आणि एकच उत्तर दिलं. ‘सुनेचं काम आहे तिकडं.’